भोकात अडकलेलं सोल्डर

प्रश्न : जुन्या अँप्लिफायरचा कपॅसिटर काढला, पण बोर्डाची भोकं सोल्डरने (डाग द्यायच्या धातूने) बुजलीत. वितळलेलं सोल्डर ओढणारा सकर पंप घेऊ, तांब्याची विणलेली पट्टी घेऊ, की बारीक ड्रिल मारू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ड्रिल खणातच राहू द्या. दोन्ही बाजूंना ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या जोडरेषा, असलेल्या बोर्डात भोकाच्या आतून तांब्याचा पातळ थर असतो. तो सोलला की वरखालची जोडणी तुटते. मी एकदा हे पाप केलंय, मग वायरचं ठिगळ लावण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

पंपच घ्या. पण आधी भोकावर थोडं नवं सोल्डर घाला. उलटं वाटेल, पण ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतं, आणि त्यातलं फ्लक्स, म्हणजे धातूवरचा गंज साफ करणारं द्रव्य, जुन्याला वाहतं करतं. मग एका बाजूने तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या बाजूने पंपाचं नाक अगदी टेकवून खटका दाबा. पट्टी वरचं सोल्डर छान टिपते. खोल भोकात तिची मात्रा कमी चालते.

ग्राउंडचं, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेलं, भोक मात्र हट्टी. भोवतालचं तांबं उष्णता ओढून घेतं, म्हणून आयर्नला जाड टोक लावा. तरी हलेना, तर स्टेनलेसची सुई: सोल्डर वितळलं की आत सारायची आणि थिजेपर्यंत फिरवत राहायची. स्टेनलेसला ते सहसा चिकटत नाही. घरात टूथपिक असेल तर तीही चालते, टोक जरा करपतं इतकंच.