साइट नवीन आहे ना, मग हे फसवे मेल येणारच
नवीन साइटबद्दल अभिनंदन रे! फसवे मेल यायला लागले म्हणून घाबरू नकोस, सुरुवातीला हे तीन प्रकार ओळखायला शिक.

१. "तुमचं डोमेन आज एक्स्पायर होतंय, लगेच पैसे भरा." डोमेन म्हणजे तुझ्या साइटचं नाव-पत्ता. हा सगळ्यात कॉमन. शेवटपर्यंत वाचलंस तर बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात असतं की ही एसईओची (सर्चमध्ये साइट वर आणून देण्याच्या कामाची) ऑफर आहे, बिल नाही! डोमेन कोणाकडून घेतलं आणि रिन्यूअल कधी, हे आत्ताच लिहून ठेव, मग असल्या मेलला भीक घालायची गरजच नाही.

२. "चीनमधली कंपनी तुमच्या नावाचं डॉट सीएन डोमेन घेतेय, हरकत आहे का?" अगदी सभ्य भाषेत येतो. उत्तर दिलंस की तेच डोमेन चढ्या भावात तुझ्या गळ्यात मारतात. डिलीट.

३. "मेलबॉक्स फुल झालाय, इथे लॉगिन करा." हा खरा डेंजर, कारण पासवर्ड गेला की साइट पण गेली. नाव होस्टिंगवाल्यांचंच (तुझी साइट ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्यांचं) दिसतं पण ॲटच्या चिन्हापुढे बघ, भलतंच काहीतरी असतं. लिंकला हात न लावता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून लॉगिन कर, खरंच मेलबॉक्स भरला असेल तर तिथे दिसेलच की.

नवीन लोक हमखास करतात ती चूक म्हणजे डोमेन, होस्टिंग, मेल सगळीकडे एकच पासवर्ड. ते बदल आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) आज रात्रीच चालू कर. एसपीएफ, डीमार्क वगैरे (तुझ्या डोमेनच्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवू नये म्हणूनच्या सेटिंग्ज) नंतर बघू, आत्ता त्यात डोकं घालू नको. आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.