गाजराच्या मुळापासून कॅलस येतो, पण रोप का होत नाही?

तुम्ही बडोद्याहून विचारलंय की टिश्यू कल्चरमध्ये गाजराच्या तुकड्यांवर कॅलस (म्हणजे पेशींचा बेढब गोळा) भरपूर येतो, पण महिनोन्‌महिने रोप दिसत नाही, आणि काही बाटल्या बुरशीने जातात.

रोप न येण्याचं कारण बहुधा २,४-डी. या ऑक्सिनमुळे (वाढीच्या हार्मोनमुळे) पेशी विभागत राहतात, पण ते माध्यमात असेपर्यंत त्या पेशींतून होणारे भ्रूण (रोपाची पहिली अवस्था) पुढे वाढत नाहीत. एमएस (मुराशिगे-स्कूग) या पोषक माध्यमात लिटरला १ मिलिग्रॅम २,४-डी, ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार (माध्यम घट्ट करायला), पीएच ५.८, २५ अंशांवर, अंधारात, चार आठवडे. एवढ्यावर थांबा. नंतर कॅलस हार्मोन नसलेल्या एमएसमध्ये न्यायचा, पण अख्खा गोळा उचलून ठेवलात तर आत मुरलेलं २,४-डी सोबत जातं. तो बारीक फोडून द्रव माध्यमात टाका, माध्यम एक-दोनदा बदला, शेकर (बाटल्या हलवणारं यंत्र) मिनिटाला १०० फेऱ्यांवर ठेवा. काही आठवड्यांत भिंगाखाली आधी गोल, मग पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे, मग लांबट भ्रूण दिसतील. ते अगारवर, १६ तास उजेडात.

नारळपाणी घालायची गरज नाही. १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या मुळाच्या फ्लोएमपासून (अन्न वाहून नेणाऱ्या भागापासून) रोपं केली तेव्हा ते वापरलं होतं. एमएस माध्यम १९६२ मधलं, तेव्हा ते नव्हतंच.

आता बुरशी. खंडेराव मार्केटातलं गाजर घ्या, पण कडक आणि न चिरलेलं. साल काढा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट (गुजरातेत इथेनॉलला परवाना लागतो, आयसोप्रोपिलने काम भागतं), मग सुमारे १ टक्का क्लोरीनच्या ब्लीचमध्ये दोन थेंब ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घालून १५ मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. दोन्ही टोकं कापून टाका, तिथे ब्लीच आत शिरलेलं असतं. चकती करून मधला गाभा आणि बाहेरचा गर जिथे मिळतात, ती कॅम्बियमची (विभागणाऱ्या पेशींच्या थराची) रेघ मध्ये येईल असे ५ मिलिमीटरचे तुकडे घ्या. नुसत्या गाभ्यातून फारसं काही निघत नाही.

दोन-तीन दिवसांत कापसासारखी बुरशी दिसली तर निर्जंतुकीकरणात किंवा हाताळणीत चूक आहे. दोन आठवड्यांनी तुकड्याखाली चिकट पांढरा थर आला तर तो मुळाच्या आतला जिवाणू. ब्लीच वाढवून उपयोग नाही, गाजर बदला.

रोपं बाहेर काढताना मुळांवरचा अगार पूर्ण धुवा, कोकोपीटमध्ये लावा, वरून प्लास्टिकची पिशवी झाका, आणि ती दोन आठवड्यांत थोडी थोडी उघडा.