सिंट युस्टेशियसला धड समुद्रकिनारा नाही, मग तिथे जाऊन करायचे काय?

किनारा हवा असेल तर अरुबा बेटावर जावे. कॅरिबियन समुद्रातल्या, नेदरलँड्सच्या ताब्यातील सिंट युस्टेशियसवर, म्हणजे तिथले लोक ज्याला स्टेशिया म्हणतात त्या बेटावर, करड्या वाळूची लहानशी पट्टी आहे आणि झीलँडिया या किनाऱ्याच्या बाजूला पोहणे धोक्याचे आहे. मात्र ‘तिथे बघण्यासारखे काही नाही’ हे वाक्य मी आमच्याच घरात इतके ऐकले आहे की थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, सध्या नेदरलँड्समध्ये राहतो. इंग्रजांनी राज्य केले, डचांनी नुसता व्यापार केला, हा माझ्या भावोजींचा लाडका सिद्धान्त असून वेंगुर्ल्याची पडकी डच वखार हा त्यांचा कायमचा पुरावा आहे. आम्ही दोघे स्टेशियाला गेलो, तेव्हा तिथल्या फोर्ट ओरान्ये या किल्ल्यावर त्यांना आणखी एक पुरावा सापडला. 16 नोव्हेंबर 1776 रोजी ब्रिटनविरुद्ध बंड केलेल्या अमेरिकेच्या ‘अँड्र्यू डोरिया’ या जहाजाच्या सलामीला या किल्ल्याने तोफांनी उत्तर दिले, आणि त्याच्या स्मरणार्थ अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1939 मध्ये दिलेला फलक तिथे आहे. त्या फलकापाशी उभे राहून भावोजींनी मला डचांच्या स्वातंत्र्यप्रेमाविषयी बरेच ऐकवले. माझ्या मते ती सलामी गिऱ्हाइकाला होती. अमेरिकेतील बंडखोरांना बंदुका आणि दारूगोळा याच बंदरातून जात असे, आणि म्हणूनच 1781 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीने बेट घेतले, लुटले, आणि बेसावध जहाजे आपण होऊन जाळ्यात यावीत यासाठी डच झेंडा तसाच फडकत ठेवला.

किल्ल्यापासून खालच्या गावात उतरणारी दगडी वाट आहे, तिला गुलामांची वाट म्हणतात. खाली वखारींच्या भिंती उभ्या आहेत. काही पाण्यात गेल्या आहेत, काहींवर लाटा आपटतात. हॉलंडहून जहाज स्थिर राहावे यासाठी भार म्हणून आलेल्या बारीक पिवळ्या विटा त्या भिंतींत जागोजागी दिसतात. भावोजी विटांवरून हात फिरवत ‘अगदी आपल्या वखारीसारखे’ म्हणाले. या वखारींच्या धन्यांनी कशाकशाचा व्यापार केला, असे मी विचारले, तर साखर, तंबाखू, कापूस इथवर यादी आली आणि थांबली. त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला फोर्ट ॲम्स्टरडॅम आहे. आफ्रिकेतून आणलेली माणसे दुसऱ्या बेटांवर विकली जाईपर्यंत तिथे कोंडून ठेवत. संग्रहालयात पाच बाजूंचे निळे काचेचे मणी आहेत, तेही त्याच व्यवहारांशी जोडलेले. भावोजींना त्यातला एक मणी कुठे मिळेल याचीच चिंता.

‘तो काळच तसा होता’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्या काळातल्या गुलामांना तो तसा वाटत नव्हता, हे कोणी विचारातच घेत नाही. 1848 मध्ये याच बेटावरचे गुलाम स्वातंत्र्य मागायला एकत्र आले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि टॉमस ड्युपरसॉय या म्होरक्याला कुरासाव या दुसऱ्या डच बेटावर हद्दपार केले. स्वातंत्र्य मिळाले 1 जुलै 1863 रोजी. डच राजाने 2023 मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली, तेही भावोजींच्या लेखी नुसते राजकारण.

तर, ज्यांना पडक्या भिंती वाचता येतात त्यांनी जरूर जावे. 601 मीटर उंचीच्या क्विल ज्वालामुखीवर चढता येते, विवरात दाट जंगल आहे, आणि पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांची तर चंगळच आहे. जवळच्या सिंट मार्टेन बेटावरून छोट्या विमानाने वीसेक मिनिटे लागतात, चलन अमेरिकी डॉलर आहे. बेट नेदरलँड्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात (युरोपातील सामाईक व्हिसाच्या देशांत) येत नाही, त्यामुळे तिकिटाआधी व्हिसाचे नियम तपासावेत. लहान मुले बरोबर असतील तर मात्र माझे न ऐकता अरुबालाच जावे. एवढ्यापुरते घरच्यांचे ‘तिथे बघण्यासारखे काही नाही’ हे म्हणणे बरोबर आहे.