वाचक विचारतात : कामही त्यावरच, गेमही त्यावरच

या महिन्यात लॅपटॉपचेच प्रश्न जास्त आलेत आणि जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, की दोन मशीन परवडत नाहीत, एकातच ऑफिसचं काम आणि गेमिंग दोन्ही बसवायचंय. बसतं, अगदी व्यवस्थित बसतं, फक्त दुकानात उभं राहून आपण नेमकं काय बघतो यावर सगळं आहे. काही मेल फार लांब होते, ते थोडे छाटून देतोय.

प्रश्न : मी नाशिकला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कॅमेरा सोनीचा, फुटेज ४के, १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार). प्रीमियर प्रोवर काम करतो पण सध्याच्या मशीनवर टाइमलाइन अडकत अडकत चालते. सीझन संपला की रात्री सायबरपंक २०७७ वगैरे खेळायचंय. बजेट सव्वा लाख. दोन लॅपटॉप बघितलेत, दोन्हीत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आहे पण किमतीत पंधरा हजारांचा फरक. दुकानदार म्हणतो कार्ड सेम आहे, स्वस्तातला घ्या. घेऊ का?

लगेच घेऊ नका. कार्ड सेम आहे हे नावापुरतं खरं आहे. लॅपटॉपमधल्या ४०६० ला एनव्हिडियाने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतची मोकळीक दिलेली आहे, आणि वरून डायनॅमिक बूस्ट, म्हणजे गरजेला मिळणारी जादा वीज, धरून काही कंपन्या १४० वॅट लिहितात. म्हणजे एकाच विहिरीवर कुणी तीन एचपीची मोटर बसवलीय आणि कुणी साडेसातची, विहीर तीच पण शेतात पाणी किती पोचणार ते मोटर ठरवते. कमी वॅटचं ४०६० हे जास्त वॅटच्या ४०५० च्या मागे पडू शकतं, आणि खोक्यावरच्या स्टिकरवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

म्हणून दुकानात डेमो पीस चालू करायला सांगा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, त्यात सिस्टम इन्फर्मेशनमध्ये जा, तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा दिसतो. दोन्ही लॅपटॉपचा बघा. पंधरा हजारांचा फरक बरेचदा तिथेच सापडतो, आणि तिथे नाही सापडला तर मग स्क्रीनमध्ये सापडतो.

स्क्रीनचं तुम्ही तर फार मनावर घ्या. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं, हे स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप, त्याच्या शेजारी १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात असतं म्हणून आपलं लक्ष जात नाही. पण ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबी, म्हणजे फोन आणि वेबवर नेहमी वापरल्या जाणाऱ्या रंगांच्या संचापैकी साधारण दोन तृतीयांशच त्या पॅनलवर दिसतात. नवरीच्या शालूचा लाल तुम्हाला फिका दिसणार, तुम्ही सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवणार, आणि क्लायंटने फोनवर बघितलं की तोच लाल डोळ्यात घुसणार, हळदीच्या शूटमध्ये तर चेहरे पार बिघडतात. गेम खेळताना हे चालून जातं, पैसे घेऊन ग्रेडिंग, म्हणजे रंग जुळवायचं काम, करताना नाही चालत. १०० टक्के एसआरजीबी असलेलाच घ्या, किंवा घरी चांगला मॉनिटर असेल तर रंगाचं सगळं काम त्यावरच करा.

आता टाइमलाइन अडकते त्याचं कारण, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. ४:२:२ फुटेज उलगडायचं हार्डवेअर आरटीएक्स ४० सिरीजमध्ये नाहीच आहे. म्हणजे तुम्ही ४०६० सोडून ४०९० जरी घेतला तरी त्या कामात कार्ड हात वर करतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये जे आतलं ग्राफिक्स असतं त्यातलं क्विक सिंक हे काम करतं, पण फक्त एच.२६५ चं (एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओ दाबून साठवायचे दोन प्रकार). एच.२६४ चं १०-बिट ४:२:२ बहुतेक इंटेल प्रोसेसरमध्ये तेही करत नाही. सोनीच्या मेनूमध्ये एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५, तर जमेल तिथे एचएसमध्ये शूट करत चला. दुसरा रस्ता म्हणजे आरटीएक्स ५० सिरीज, तिच्यात ४:२:२ दोन्ही प्रकारचं चालतं, प्रीमियर तेवढं अपडेट ठेवायचं. तुमच्या कामाला मी म्हणेन की सव्वा लाखात ५०६० मिळत असेल तर तोच घ्या आणि ४० सिरीजच घ्यायची वेळ आली तर प्रोसेसर इंटेलचाच घ्या, एएमडी गेमिंगला उत्तम आहे पण ४:२:२ ला तिथे तुमची गैरसोय होईल.

एक अजून, गेमिंग लॅपटॉपमध्ये फक्त मोठं कार्ड वापरायचा एक मोड असतो, गेममध्ये त्याने फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढतात, पण त्या मोडमध्ये इंटेलचं आतलं ग्राफिक्स बंद होतं आणि त्याच्याबरोबर क्विक सिंक पण जातं. रात्री गेमसाठी लावलेला मोड सकाळी एडिटला बसताना परत हायब्रिडवर, म्हणजे दोन्ही ग्राफिक्स चालू असलेल्या मोडवर, आणायचा, नाहीतर नवीन लॅपटॉप पण अडकतो म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडत बसाल. रॅम ३२ जीबी, आणि एसएसडीचा दुसरा स्लॉट रिकामा आहे ना ते विचारून घ्या, लग्नाचं फुटेज १ टीबी कधी खाऊन टाकतं कळत नाही. जीएसटी नंबर असेल तर बिलावर तो टाकून घ्यायला विसरू नका, लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, धंद्याच्या वापरापुरतं भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट किती मिळेल ते सीएला विचारा.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बी.आर्क.ला लागला, आम्ही सांगलीचे. तो म्हणतो आर्किटेक्चरला गेमिंग लॅपटॉपच लागतो, त्याचे बाबा म्हणतात हे खेळायचं निमित्त आहे. दोघांचं रोज वाजतंय. खरं काय?

ताई, मुलगा खरं बोलतोय, पण घाई करतोय. रेव्हिट, स्केचअप, आणि पुढे लुमियन किंवा डी५ रेंडर असली सॉफ्टवेअर त्याला वापरायचीच आहेत आणि लुमियन, डी५ मधलं रेंडरिंगचं काम, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र काढणं, ग्राफिक्स कार्डावरच होतं, साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर एका बंगल्याचा सीन उघडला, त्यात चार झाडं आणि गवत टाकलं की सगळं गोठतं. डी५ ला तर रे ट्रेसिंगवालं, म्हणजे प्रकाशाची वाट मोजणारं, कार्ड लागतंच. त्यामुळे हे निमित्त नाहीये, बाबांना शांतपणे सांगा. तो त्यावर गेम खेळेल हेही तितकंच खरं आहे आणि त्यात वाईट काही नाही, सबमिशनच्या आदल्या दोन रात्री जागून झाल्यावर मित्रांबरोबर तासभर खेळला तर खेळू द्या.

पण कोर्स ५ वर्षांचा आहे आणि बऱ्याच कॉलेजांत पहिलं वर्ष बरंचसं हाताच्या ड्रॉइंगवरच जातं, शीट, ड्राफ्टर, मॉडेल मेकिंग. कॉलेजात सीनियर मुलांना विचारा की लॅपटॉप खरा कधी लागायला लागतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घेतला तर त्याच पैशात नवीन पिढीचं मशीन मिळू शकतं आणि शेवटच्या वर्षी थीसिसच्या वेळी ते एक वर्षाने तरुण असेल, त्या वर्षीच सगळ्यात जड काम असतं.

घेताना ग्राफिक्स मेमरी, म्हणजे व्हीरॅम, ८ जीबी बघा. ६ जीबीवालं स्वस्त पडतं पण मोठ्या सीनमध्ये मेमरी भरली की रेंडर मध्येच बंद पडतं, आणि ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, रॅम वाढवता येते. म्हणूनच जास्तीचे पैसे कार्डात घाला, रॅम आत्ता १६ जीबी चालेल, फक्त ती बोर्डला चिकटवलेली नको, स्लॉटमधली पाहिजे. आणि १६ जीबी एकाच पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत हे पण बघा, टास्क मॅनेजर उघडून मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. दोन पट्ट्या असतील तर गेम आणि काम दोन्ही जास्त चांगलं चालतं. एकच पट्टी असेल तरी हरकत नाही, पुढे तसलीच दुसरी घालता येते, मात्र २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत तेव्हा तो खर्च आत्ताच धरून ठेवा. मॅक घ्या असं कुणी सांगेल, सुंदर मशीन आहे, पण रेव्हिट आणि लुमियन विंडोजवरच चालतात.

वजनाचा पण विचार करा. असला लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोचा आणि त्याचा चार्जर वेगळा, तो हॉस्टेल ते कॉलेज रोज पाठीवर नेणार आहे, वर शीट ट्यूब. यूएसबी-सीने चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर बघा, म्हणजे वर्गात नुसत्या नोट्स आणि प्रेझेंटेशनला १०० वॅटचा छोटा चार्जर पुरेल. रेंडर आणि गेमला मात्र मूळचाच चार्जर लावायचा, बॅटरीवर तर कार्ड निम्म्या ताकदीनेही चालत नाही. ऑनसाइट वॉरंटी आणि अपघाती नुकसानीचं कव्हर या मुलांसाठी नक्की घ्या, स्टुडिओत एकाच टेबलावर लॅपटॉप, फेविकॉल आणि कटर असतात.

प्रश्न : पुण्यात राहतो, घरून फ्रीलान्स कोडिंग करतो, क्लायंट परदेशातले आहेत. डॉकर, व्हीएस कोड, कधी घरीच एआय मॉडेल चालवून बघतो. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट. एकच लॅपटॉप ठेवायचा आहे, प्रोसेसरवर खर्च करू का कार्डवर?

रॅमवर कर. डॉकरचे कंटेनर (प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी बंद खोली), ब्राउझरचे टॅब आणि विंडोजमधलं लिनक्स एकत्र चालू झालं की १६ जीबी दुपारपर्यंत संपते, ३२ च्या खाली घेऊच नको. व्हॅलोरंट हलका गेम आहे, तो कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, त्याच्यासाठी महागडं कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया. कार्डाचा विचार तुझ्या एआयच्या नादासाठी करायचा. ८ जीबी व्हीरॅममध्ये सात-आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४-बिटमध्ये, म्हणजे आकडे दाबून छोटं केलेलं, नीट बसतं, त्याच्या वर गेलास की मॉडेलचा काही भाग साध्या रॅममध्ये जातो आणि वेग एकदम पडतो. लॅपटॉपमध्ये ५०६० काय आणि ५०७० काय, बहुतेक मॉडेलमध्ये दोन्हीला ८ जीबीच असते, १२ पाहिजे तर सहसा ५०७० टीआयपर्यंत जावं लागतं आणि किंमत पण तशीच उडी मारते. नुसतं करून बघायला एवढा खर्च करू नको, लागेल तेव्हा क्लाउडवर तासाने भाड्याने कार्ड घे.

मला तुझ्या मेलमध्ये खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचं, खेळातली फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर येतं, ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात, कर्नलमध्ये, बसतं आणि मशीन चालू होतानाच चालू होतं. त्याच विंडोजवर क्लायंटचा कोड, सर्व्हरच्या चाव्या, व्हीपीएन. वेगळं यूजर अकाउंट काढून हे वेगळं होत नाही. क्लायंटचा करार नीट वाच, कामाच्या मशीनवर काय चालतं काय नाही हे बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं. मी तर म्हणेन की दोन एसएसडी स्लॉटवालं मशीन घे, कामाची सिस्टीम एका डिस्कवर, पूर्ण एन्क्रिप्ट केलेली, आणि गेमची विंडोज दुसरीवर. सिक्युअर बूट आणि टीपीएम या मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी बंद करू नको, विंडोज ११ वर व्हॅनगार्ड दोन्ही मागतं. रोज रात्री रीस्टार्ट करायचा कंटाळा येईल, पण तुझं पोट ज्या कोडवर आहे त्याच्यासाठी एवढं कर.

प्रश्न : नागपूर. एप्रिल-मेमध्ये गेम चालू केला की वीस मिनिटांत तापमान ९५ आणि फ्रेम निम्म्या. हिवाळ्यात असं होत नाही. लॅपटॉप खराब झालाय का?

नाही झालेला. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, आणि खोलीतच चाळीसच्या आसपास असेल तर तो तरी काय थंड करणार, मग चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मागची बाजू बोटभर उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका, आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० किंवा ९० ला बांधून टाका, नुसत्या याच गोष्टीने पाच-सात अंश उतरू शकतात आणि डोळ्यांना फारसा फरक पण कळत नाही. दोन वर्षं झाली असतील तर उघडून धूळ काढून थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून घ्या, वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरमध्येच. आणि वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, तुमच्याकडे हे सर्रास करतात, ती ओली हवा पंखा सरळ आत घेतो.

प्रश्न : चिपळूणला जुन्या घरात राहतो. नवीन गेमिंग लॅपटॉप चार्जिंगला लावला की कीबोर्डच्या मेटलला हात लावल्यावर मुंग्या येतात. परत करू का?

आधी घरचं अर्थिंग तपासा. चार्जरच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडा करंट कायम बाहेर येत असतो आणि तो तिसऱ्या पिनने जमिनीत जायचा असतो. जुन्या घरात सॉकेट तीन पिनचं दिसतं पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते, किंवा मध्ये दोन पिनचं एक्स्टेंशन लावलेलं असतं, मग तो करंट तुमच्या हातातून वाट काढतो. ओल्या पायाने फरशीवर उभं असलं की जास्त जाणवतं. वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या आणि तोवर लॅपटॉप एखाद्या अर्थिंग चांगलं असलेल्या घरी लावून बघा. तिथे मुंग्या आल्या नाहीत तर लॅपटॉप ठीक आहे. तिथेही आल्या, किंवा कुठेही मुंग्यांच्या ऐवजी झटका बसला, तर मात्र तो चार्जर परत लावू नका आणि परत करायची मुदत संपायच्या आत दुकानात घेऊन जा.