करवानीच्या शोसाठी मुलीची एफडी मोडावी का?

प्रश्न थोडक्यात: सांगलीजवळ स्वतःचं घर. हातात पगार ६२,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता १७,०००, कुत्र्यांच्या खाण्यासह घरखर्च ३१,०००, एसआयपी ७,०००. बचत खात्यात ४०,०००, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी ३ लाखांची एफडी. घरच्या करवानी (शिकारी कुत्र्यांची जात) मादीच्या पहिल्या वेतातला एक नर ठेवला आहे, तो आता पाच महिन्यांचा आहे. एफडी मोडून कुत्र्यांच्या स्पर्धांचे आठ शो, दुसरी मादी आणि पक्की शेड करायची. पुढे या नराच्या मेटिंगमधून वर्षाला ८०,००० येतील असा हिशेब आहे. करू का?

उत्तर: एफडी मोडू नका. कुत्रा मात्र शोला जरूर न्या. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या नाहीत, त्या तुमच्या यादीने अडकवल्या आहेत.

आधी एफडीचं. तिच्यावर मुलीचं नाव असलं तरी आज तोच तुमचा एकमेव अडीनडीचा पैसा आहे. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ४८,००० लागतात आणि खात्यात आहेत ४०,०००. पगार एक महिना थांबला तरी हात एफडीकडेच जाणार. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे २ लाख ८८ हजार, जवळपास अख्खी एफडी. शिवाय मुदतीआधी मोडल्यावरचा अर्धा-एक टक्क्याचा दंड हे खरं नुकसान नव्हे. ७ टक्के दराने हेच ३ लाख मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत, करापूर्वी, सुमारे ५ लाख २३ हजार होतात. शोच्या खर्चाची तुलना त्या रकमेशी करा.

आता तुमची यादी: आठ शो प्रत्येकी १४,००० प्रमाणे १ लाख १२ हजार, शेड ९०,०००, दुसरी मादी ४०,०००, क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) वगैरे १८,००० आणि वर्षाचा जादा खाणं-औषधखर्च ४०,०००. बेरीज बरोबर ३ लाख. यातला जवळजवळ सगळा पैसा अशा वयात खर्च होणार आहे, ज्या वयात कुत्र्याबद्दल काहीच पक्कं सांगता येत नाही.

पाचव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येत असतात. आज कात्रीसारखे बसणारे दात सात महिन्यांचा होईपर्यंत सरकू शकतात. दोन्ही वृषणं खाली उतरलेली असावी लागतात. सहा-सात महिन्यांनंतरही एकच हाताला लागत असेल तर तो नर शोसाठीही बाद आणि पैदाशीसाठीही. करवानी सावकाश भरतो, छाती आणि पाठीची रेघ दीड-दोन वर्षांपर्यंत बदलत राहते. आणि या जातीचं सगळ्यात मोठं अडखळण अंगात नाही, स्वभावात आहे: परक्याचा हात त्याला आवडत नाही. रिंगमध्ये, म्हणजे शोच्या आखाड्यात, परीक्षक ओठ उचलून दात बघतो, वृषणं चाचपतो; तिथे कुत्रा दबला किंवा मागे सरला की चांगली चालही वाया जाते. यावरचा उपाय फुकट आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा वेगवेगळ्या माणसांकडून दात, पाय, पोट तपासून घ्या, दहा मिनिटं पुरतात. गुळगुळीत फरशीवर ठेवू नका, पंजे पसरतात आणि मनगटं ढिली पडतात. नखं दर आठवड्याला. मोकळ्या रानात धावणं रोज, मात्र कुंपण सहा फुटी हवं.

मेटिंगच्या ८०,००० कडे वळू. तुम्ही दहा मेटिंग प्रत्येकी ८,००० ला धरली आहेत. पण तुमच्या मादीसाठी नर आणला तेव्हा तुम्ही स्वतः रोख दिली नाही, एक पिल्लू दिलंत. या जातीत बहुतेक ठिकाणी असाच व्यवहार होतो, तुमच्याही वाट्याला पिल्लंच येतील. ती विकली जाईपर्यंत खातील, लसही त्यांना तुम्हीच टोचाल. वंशावळीचे कागद नसलेली करवानी पिल्लं आपल्या भागात स्वस्तात मिळतात, त्यामुळे चॅम्पियनच्या पिल्लाला फार जास्त भाव देणारं गिऱ्हाईक मोजकंच. हे ८०,००० हिशेबात शून्य धरा. आले तर आनंद.

वेताचं गणितही तुमच्याच आकड्यांत आहे. सहा पिल्लांतलं एक ठेवलं, एक नराच्या मालकाला, चार विकली १२,००० ला: ४८,०००. तपासण्या, लसी, मायक्रोचिप, नोंदणी, खाणं मिळून खर्च ३१,५००. उरले १६,५००. डॉक्टरांनी सिझेरियनचे २२,००० सांगितले होते; ते लागलं असतं तर ५,५०० चा तोटा. नऊ आठवड्यांचं गाभणपण आणि पुढचे आठ आठवडे रात्रीची जाग्रणं यात धरलेली नाहीत. २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादीचं वय किमान १८ महिने हवं, वर्षाला एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. म्हणजे हा धंदा वाढवून वाढत नाही. दुसरी मादी घेतली तर काळजी दुप्पट होईल, नफा होईलच असं नाही. पैदाशीचं उत्पन्न शेतीचं मानलं जात नाही, आणि धंद्याचा तोटा पगारातून वजाही होत नाही.

दुसरी मादी कशाला हवी होती हे मला कळतं: हा नर स्वतःच्या आईवर लावायचा नाही. बरोबरच आहे. पण त्याची सोय दुसऱ्याच्या मादीने होते. घरात मात्र आई पुन्हा माजावर येईल तेव्हा तीन आठवडे दोघांना कडीकुलपाआड वेगळं ठेवावंच लागेल, नर वर्षाच्या आतच वयात येतो. त्यासाठी मागच्या पडवीला जाळी आणि दोन कड्यांचं दार पुरे. दिवाळीच्या बोनसमधून, १५,००० च्या आत. ९०,००० ची शेड नको.

महिन्याला तुमच्या हातात ७,००० उरतात. ४,००० अडीनडीसाठी, ३,००० कुत्र्याच्या वेगळ्या आरडीत. वेतातले १६,५०० कुत्र्यांच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवा आणि शोसाठी त्यांना हात लावू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो, तेव्हा काही तासांत ऑपरेशन लागतं आणि त्या रात्री पैसे शोधत बसता येत नाही.

आठव्या महिन्यात दात आणि वृषणं ठीक असतील तर पहिल्या हिवाळ्यात तीनच शो, एका दिवसात जाऊन येता येतील असे. हँडलर, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा फिरवणारा भाड्याचा माणूस, घेऊ नका, तुम्हीच धरा. तुमच्या १४,००० पैकी हँडलर, मुक्काम आणि लांबचा प्रवास गेला की ६,००० त भागतं. तिन्हींचे १८,०००, आरडीतून. सगळ्या लसी, रेबीजसह, झाल्याशिवाय मैदानात पाय नको. घरात अर्धवट लसीची पिल्लं असतील तर त्या हंगामात शो नाहीच: पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू चपलेच्या तळव्यावरूनसुद्धा घरी येतो आणि अख्खं वेत जातं.

तीन शोनंतर परीक्षकांचे शेरे समोर घेऊन बसा. दोन वेगवेगळ्या परीक्षकांनी एकाच दोषावर बोट ठेवलं, तर लांबचे शो करू नका. हात लावू देतो, चाल मोकळी आहे, शेरे चांगले आहेत, असं असेल तर दीड वर्षाचा झाल्यावर बंगळुरू, हैदराबादचा विचार करा. तोवर आरडीत जे साठलं असेल, तेवढ्यातच.