जुन्या जुगारी पिनबॉल यंत्रात कॉम्प्युटर नव्हता, मग जिंकलं-हरलं कोण ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओत एक जुनं अमेरिकी पिनबॉल पाहिलंत. फ्लिपर (चेंडू परत वर उडवायच्या दांड्या) नाहीत, पंचवीस भोकं, आणि खेळणारा पहिला चेंडू मारायच्या आधीच नाण्यामागून नाणं टाकतोय. आत एकही चिप नाही, मग हिशेब कोण ठेवतं?

त्याला बिंगो पिनबॉल म्हणतात: चेंडू भोकांत पाडून कार्डावरचे आकडे एका ओळीत लावायचे. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, तीही स्ट्राउजरच्या जमान्यात, म्हणजे पायरीपायरीनं लाइन जोडणाऱ्या जुन्या यांत्रिक एक्स्चेंजच्या काळात. त्यामुळे शिकागोजवळ भाच्याकडे गेलो असताना त्याच्या शेजाऱ्यानं तळघरातल्या बॅली कंपनीच्या बिंगोचं मागचं दार उघडलं, तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तेच रिले (विजेच्या चुंबकानं ओढले जाणारे स्विच), तेच वायपर (टिकल्यांवरून सरकणारे धातूचे हात), प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या त्याच कॉन्टॅक्टच्या पाती, वायरींचे तसेच जाडजूड जुडगे. फरक एवढाच की आमच्याकडे डीसी होता आणि इथे एसी, म्हणून रिले ओढला गेला की बारीक गुणगुणतो.

हे यंत्र जन्मलं ते कायद्याला वळसा घालायला. १९५१ च्या जानेवारीत अमेरिकेत जॉन्सन कायदा आला आणि स्लॉट मशीन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायला बंदी झाली. त्याच वर्षी शिकागोच्या युनायटेड आणि बॅली या कंपन्यांनी बिंगो बाजारात आणलं. चेंडू माणूसच मारतो, म्हणजे हा कौशल्याचा खेळ, असा बचाव. बॅलीच्या यंत्रांचं डोकं मुख्यतः डॉन हूकर नावाच्या माणसाचं.

आता आतलं. नाणं आधी चाळणीतून जातं: लोखंडी चकती घातली तर ती लोहचुंबकाला चिकटते, खरं पाच सेंटचं नाणं पुढे घरंगळतं आणि एका तारेला ढकलून स्विच दाबतं. त्यासरशी एक मोटर सुरू होते. तिच्या दांड्यावर उंचवट्यांच्या चकत्या ओळीनं बसवलेल्या असतात. दांडा फिरताना त्या ठरल्या क्रमानं कॉन्टॅक्ट उघडतात, मिटतात. हाच आजच्या भाषेतला प्रोग्रॅम.

आणि मेमरी म्हणजे दातेरी चाक. सोलेनॉइडनं, म्हणजे वीज आली की दांडी ओढणाऱ्या वेटोळ्यानं, एक झटका दिला की चाक एक दात पुढे जातं, खिटी त्याला मागे येऊ देत नाही, आणि चाकाबरोबर वायपर पुढच्या पितळी टिकलीवर सरकतो. वायपर कुठल्या टिकलीवर उभा आहे, तेवढंच यंत्राला ‘आठवतं’. वीज गेली तरी ते विसरत नाही, कारण वायपर जागचा हलत नाही. शिल्लक डाव (जिंकलेले फुकट खेळ), बक्षिसाचा दर, सगळं असंच साठवलेलं.

खरी गंमत पुढे. दुसरं, तिसरं, दहावं नाणं का टाकायचं? कारण प्रत्येक नाण्यागणिक दर वाढण्याची शक्यता असते, खात्री नसते. नाणं पडलं की मिक्सर नावाच्या चकत्यांवरचे वायपर फिरतात आणि कुठेतरी थांबतात. मग विद्युतप्रवाह एका चकतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत वाट काढायचा प्रयत्न करतो. सलग वाट सापडली तर दराचं चाक एक पायरी चढतं, नाही तर तुमचं नाणं गेलं.

त्या वाटेत एक पहारेकरी बसवलेला असतो, रिफ्लेक्स युनिट. तेही पायऱ्यांचंच चाक. नाणी पडत राहिली की ते उदार बाजूला सरकतं, बरेच वायर जोडले जातात, दर चटकन चढतात. कुणी जिंकलं की ते उलट सरकतं आणि यंत्र कंजूष होतं. गिऱ्हाईक कंटाळून उठून जाऊ नये आणि मालकाचं नुकसानही होऊ नये, हे दोन्ही एका चाकात बसवलंय. वायरिंगचा नकाशा पाहून मी मनातल्या मनात हूकरसाहेबांना नमस्कार केला. बनवेगिरी म्हणा हवं तर, पण कारागिरी अव्वल.

चेंडू भोकात पडला की तिथलं स्विच मिटतं आणि समोरच्या काचेवरच्या कार्डात तो आकडा उजळतो. पाच गुणिले पाचचं साधं कार्ड असेल तर ओळी बारा: पाच आडव्या, पाच उभ्या, दोन तिरप्या. शोधाची चकती फिरत एकेका ओळीचे पाच वायर पाच रिलेंना जोडून पाहते. शेजारशेजारचे तीन रिले ओढले गेले, म्हणजे ओळीत तीन आकडे सलग लागले, की चकती तिथेच अडते, आणि दराच्या चाकाला ‘किती?’ विचारून तेवढे डाव टक् टक् करत शिलकीत चढवले जातात. मग ती पुढच्या ओळीकडे जाते. आमच्या एक्स्चेंजमधला सिलेक्टर मोकळी लाइन शोधायचा, अगदी त्याच पद्धतीनं.

यंत्र पैसे देत नाही, फक्त डाव देतं. पण बारवाला शिलकीचा आकडा बघून रोख देई आणि एक बटण दाबून ते डाव पुसून टाकी. किती डाव पुसले, हे आतल्या मीटरवर नोंदलं जाई, म्हणजे यंत्राचा मालक आणि बारवाला यांचा हिशेब चोख. नुसत्या करमणुकीच्या यंत्राला असा मीटर कशाला लागतो? १९५७ साली कोर्पान खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ही यंत्रं जुगाराचीच धरली आणि त्यांना वर्षाचा २५० डॉलरचा कर लागू झाला. युरोपात मात्र बेल्जियमच्या कॅफेंमध्ये बिंगो पुढेही कायदेशीर टिकलं.

असं यंत्र कधी हाताशी आलंच तर आधी ग्रीस बघा. शेजाऱ्याच्या यंत्रात ते वाळून लाखेसारखं झालं होतं. मिक्सरचा वायपर दर वेळी त्याच टिकलीवर अडायचा, त्यामुळे दर काही केल्या चढत नव्हता आणि तो बिचारा रिफ्लेक्सला शिव्या देत होता. मी चकत्या स्पिरिटनं पुसल्या, पाती सरळ केल्या. मग खात्री करून घ्यायला म्हणून बसलो आणि त्याच्याच डब्यातली अकरा नाणी घालवली.