कोर्टातला कॅमेरा कोणाचा?

प्रश्न : शिवसेनेच्या खटल्याची सुनावणी घरबसल्या दिसली. मग वृत्तवाहिन्यांना सर्वोच्च न्यायालयात कॅमेरा नेता येतो का?

उत्तर : नाही. तुम्ही पाहिलेले चित्र न्यायालयाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांचे होते. स्वप्नील त्रिपाठी खटल्यात 26 सप्टेंबर 2018 रोजी थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता मिळाली, पण घटनापीठाच्या (घटनेचे प्रश्न ऐकणाऱ्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या) सुनावण्या दिसायला 27 सप्टेंबर 2022 उजाडला. चार वर्षे! त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेचे प्रकरणही होते.

उच्च न्यायालयांसाठीच्या आदर्श नियमावलीत कॅमेऱ्यांचे किमान पाच कोन सांगितले आहेत : एक न्यायपीठाकडे, दोन वकिलांकडे, एक आरोपीकडे, एक साक्षीदाराकडे. प्रक्षेपण दहा मिनिटे उशिराने करायचे आणि ते थांबवण्याचे बटण न्यायाधीशांच्या हाती. वैवाहिक वाद आणि लैंगिक गुन्ह्यांचे खटले यातून वगळलेले आहेत.

खरी गडबड नंतर होते. तासन्‌तासांच्या युक्तिवादातले तीस सेकंद कापून फिरवले जातात आणि न्यायमूर्तींनी वकिलाला अडवण्यासाठी विचारलेला प्रश्न लोकांना निकालच वाटतो. म्हणून क्लिप बघून मत बनवू नका. त्या दिवसाचा लेखी आदेश न्यायालयाच्या संकेतस्थळावर केस क्रमांक टाकून वाचा.